टेस्ट कधी पास, कधी नापास

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू नेमकं काय करतेस ते जेवणाआधी पंधरा मिनिटांत सांग,' असं संयोजकांनी फर्मावलंय. माझ्या आईला हे वीस वर्षांत कळलेलं नाही, तेव्हा आज तुमच्यावर प्रयोग.

सुट्टीत मी पेणहून रोह्याला आत्याकडे जायचे. कासू, नागोठणे, निडी, रोहा. तेव्हा रूळ एकेरी होता. गाडी मध्येच थांबली की 'क्रॉसिंग आहे' म्हणत लोक पाय मोकळे करायला उतरायचे. आता तिथे दुहेरी रूळ आहे, पण पुढे कोकण रेल्वेवर क्रॉसिंगची वाट बघणं तुमच्यापैकी चाकरमान्यांना चांगलंच ठाऊक आहे. एकेरी मार्गावर जुन्या पद्धतीत ड्रायव्हरला स्टेशनमास्तरकडून टोकन घ्यावं लागे, लोखंडी गोळा असायचा तो. दोन स्टेशनांवरची यंत्रं एकमेकांना अशी जोडलेली असत की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. ज्याच्या हातात गोळा, त्याचा रूळ.

संगणकातही एकाच वेळी अनेक कामं धावत असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. दोन थ्रेड एकाच माहितीला हात घालणार असतील तर असाच गोळा लागतो, आम्ही त्याला लॉक म्हणतो. तो विसरला, तर निकाल कोण आधी पोचलं यावर ठरतो. ही रेस कंडिशन. यात रोज टक्कर होत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. औषधांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर होतं. साठ्यात १० कुप्या आणि ६-६ कुप्यांच्या दोन ऑर्डर एकदम आल्या, तर एकच मंजूर व्हायला हवी. त्याची टेस्ट मी लिहिली होती. दोन थ्रेड सोडायचे, १०० मिलिसेकंद थांबायचं, मग बघायचं की एकच ऑर्डर मंजूर झाली आणि साठा ४ उरला. माझ्या मशीनवर नेहमी पास. सर्व्हरवर मात्र दहा-पंधरा वेळांत एकदा नापास. मी थांबण्याचा वेळ ५०० केला. नापास होणं कमी झालं. मग २,००० केला. तरी महिन्यातून एखाद्या वेळी नापास व्हायचीच. 'पुन्हा चालव, होईल पास,' असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचे. शेवटी वैतागून मी ती टेस्ट बंदच करून ठेवली. ते बटण मीच दाबलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

काही आठवड्यांनी एका रुग्णालयाला आमच्या सॉफ्टवेअरने ६ कुप्या मंजूर केल्या आणि प्रत्यक्षात ४ पोचल्या. बाकीच्या दुसऱ्या गावाहून रातोरात गाडी पाठवून आणाव्या लागल्या. रुग्ण वाचला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

माझी चूक काय झाली, ते आपल्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या कोणालाही लगेच कळेल. शाडूची मूर्ती वाळायला दोन दिवस लागतात असं धरून कोणी रंगाला घेत नाही. पावसाळी हवेत चारही लागतील. हात लावून बघतात, वाळली असेल तरच रंग. मी घड्याळ बघून रंग लावत होते. थ्रेडचं काम संपलंय का, हे विचारतच नव्हते.

पण खरी गोम पुढे होती. टेस्ट दोन कारणांनी नापास होत होती. कधी थ्रेड संपायच्या आत मी साठा बघत होते. हा टेस्टचा दोष. आणि कधी दोन्ही थ्रेड '१० आहेत' हे एकदमच वाचून दोघंही मंजुरी देत होते. हा कोडचा दोष. वेळ वाढवल्यावर पहिलं कारण जवळजवळ गेलं, आणि जे उरलं ते खरं होतं. नेमकं तेच मी बंद केलं.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. जावामध्ये काउंटडाउन-लॅच नावाची सोय आहे. प्रत्येक थ्रेड काम संपलं की एक आकडा कमी करतो, शून्य झालं की टेस्ट पुढे सरकते. आता नापास म्हणजे कोडचाच दोष. मग साठा तपासणं आणि वजा करणं या दोन पायऱ्यांच्या मध्ये मी मुद्दाम एक थांबा घातला, फक्त टेस्टपुरता. पहिला थ्रेड तिथे दुसऱ्याची वाट बघतो. महिन्यातून एकदा दिसणारा दोष त्यामुळे दर वेळी दिसायला लागला! मग दोन्ही पायऱ्या एकाच लॉकमध्ये घेतल्या. गंमत म्हणजे टेस्ट अडकूनच बसली, कारण दुसऱ्याला आता आत येताच येईना. 'जास्तीत जास्त एक सेकंद वाट बघ' असं सांगावं लागलं. म्हणजे घड्याळ पुरतं सुटलं नाहीच.

यापेक्षा कितीतरी भयंकर घडलेलं आहे. थेराक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणं दिली, त्यांतले काही दगावले. एक दोष असा की ऑपरेटरने पडद्यावरची नोंद झटपट बदलली तरच चूक व्हायची. कंपनीला तो दोष पुन्हा घडवता येईना. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ ऑपरेटरबरोबर बसले, टाइप करण्याचा वेग वाढवत नेला आणि त्यांनी तो बिघाड घडवून दाखवला. सावकाश टाइप करणाऱ्याला तो कधी दिसलाच नसता.

आज माझ्या टीममध्ये नवीन आलेली मुलं 'मॅडम, टेस्ट कधी कधी फेल होते, पुन्हा चालवू?' असं विचारतात. मी म्हणते, रात्रभर हजार वेळा चालव आणि सकाळी मला आकडा सांग. मुलं वैतागतात. परवा एकीने सांगितलं, हजारात तीन. आम्ही दोघी दोन दिवस त्या तिनांच्या मागे होतो, काल संध्याकाळी सापडलं. म्हणून तर पेणला यायला मला रात्रीचे अकरा वाजले.

मागून खुणा होताहेत, पानं मांडून झालेली दिसतात. थांबते.