दूरच्या दप्तरांतील सातारा आणि सांगली

परदेशी मिशनऱ्यांनी आपल्या मायदेशातील मंडळांना पाठवलेली पत्रे, ठाण्यांचे वार्षिक अहवाल, हिशेबाच्या वह्या आणि छायाचित्रे यांच्या संग्रहाला मिशन-अभिलेख म्हणतात. आशियाच्या सामाजिक इतिहासासाठी या अभिलेखांचा आज मोठा आधार घेतला जातो आणि चीनच्या बाबतीत तर तो जवळजवळ अपरिहार्य ठरतो. कारण 1949 च्या क्रांतीनंतर थोड्याच वर्षांत परदेशी मिशनऱ्यांना तो देश सोडावा लागला, त्यांनी उभारलेल्या शाळा व रुग्णालये सरकारी व्यवस्थेत गेली आणि मिशनऱ्याच्या कागदांशी ताडून पाहता येईल असे तेथील स्थानिक साधन अभ्यासकाला फार थोडे उरले.

त्यातही पेंटेकॉस्टल पंथाच्या, म्हणजे पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष संचार आणि अपरिचित भाषांतून होणारी प्रार्थना यांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती प्रवाहाच्या, मिशनऱ्यांची कागदपत्रे अधिकच विखुरलेली आहेत, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठीशी पगार देणारे व अहवाल मागणारे मंडळच नव्हते. या प्रवाहाच्या इतिहासात महाराष्ट्राचेही नाव आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील प्रसिद्ध सभा 1906 मध्ये सुरू झाल्या. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात तशाच स्वरूपाची धर्मजागृती 1905 मध्येच झालेली होती. अझुसा रस्त्यावरून निघालेले आल्फ्रेड व लिलियन गार हे दांपत्य 1907 मध्ये आधी कलकत्त्यास आले आणि त्याच वर्षी हाँगकाँगला, चिनी लोकांमध्ये, गेले.

सातारा आणि सांगली या भागातील मिशनरी मात्र शिस्तबद्ध मंडळांचे नोकर होते, त्यामुळे त्यांचे अभिलेख सलग आहेत. साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन बोर्ड या मंडळाच्या मराठी मिशनने तेथे ठाणे उघडले. पुढे हेन्री ब्रूस यांनी त्याच गावी छापखाना चालवून मराठी पुस्तिका छापल्या. दक्षिणेकडे प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळाचे क्षेत्र होते. रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले काम त्या मंडळाने 1870 मध्ये स्वीकारले आणि नंतर सांगलीत आपले ठाणे वसवले. एकाच कृष्णाकाठच्या लोकांविषयीचे कागद अशा रीतीने दोन ठिकाणी साठत गेले: साताऱ्याचे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात, सांगली-मिरजेचे फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन इतिहास संस्थेत. तत्कालीन राज्यव्यवस्थेनेही ही विभागणी वाढवली, कारण सातारा हा ब्रिटिश जिल्हा होता, सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, आणि तासगाव, वाळवा, खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातील तालुके तेव्हा साताऱ्यात मोडत. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. म्हणून तासगावच्या एखाद्या कुटुंबाचा शोध घेणाऱ्याने सांगलीच्या कागदांतच अडकून राहणे चुकीचे ठरते.

या अभिलेखांचे बळ आणि उणीव ही दोन्ही डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. कॅनडात जन्मलेले हे शल्यवैद्य न्यूयॉर्कमध्ये शिक्षण पूर्ण करून 1889 मध्ये भारतात आले, प्रथम सांगलीत त्यांनी दवाखाना चालवला आणि मग ते मिरजेस गेले, जेथे फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून 1894 मध्ये रुग्णालय उभे राहिले. आगगाडीने दूरदूरचे रोगी मिरजेस येऊ लागले, 1897 पासून तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले, आणि 1928 मध्ये निवृत्तीच्या सुमारास वॉनलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. हे सर्व मिशनच्या कागदांतून क्रमाने हाती लागते, कारण देणगीदाराला आपल्या पैशाचे काय झाले हे कळवावेच लागे. तोच हेतू अहवालाची मर्यादाही ठरवतो: देणगीदाराला डॉक्टर, शस्त्रक्रिया आणि इमारत यांत रस असे, जखम धुणाऱ्या मराठी मदतनीसाच्या पूर्ण नावात नसे, आणि घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया तर कित्येकदा केवळ संख्या म्हणून येतात. दुष्काळ आणि प्लेग यांच्या वर्षांत हा एकांगीपणा अधिकच जाणवतो. मदत करणाऱ्याची दृष्टी कागदावर उतरते, मदत घेणाऱ्याची उतरत नाही.

चीनच्या अभ्यासकाला ही उणीव बव्हंशी सोसावी लागते. सातारा-सांगलीच्या अभ्यासकाला तशी सक्ती नाही, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. या प्रदेशातील ख्रिस्ती समाज आपल्या जागी राहिला, मिरजेचे रुग्णालय स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले, आणि 1842 मध्ये अहमदनगरात निघालेले ‘ज्ञानोदय’ हे पत्र या समाजाच्या हालचाली मराठीतून नोंदवीत आले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण येथे फार मोलाचे आहे. मिशनची चाकरी सोडून ते 1917 मध्ये साताऱ्यास राहिले आणि कोणत्याही परदेशी मंडळाच्या अधीन नसलेला, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना सामावणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी तेथे उभारू पाहिला. 1919 मध्ये ते वारले. मिशन सोडण्याचा त्यांचा निर्णय मंडळाच्या दृष्टीने एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा वियोग होता, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्याच काळातील घर, ओढाताण आणि निष्ठा आतून दिसतात, आणि दोन्ही साधने समोर ठेवल्यावाचून त्या निर्णयाचे वजन कळत नाही.

म्हणून अमेरिकेतील संग्रहांच्या प्रती मागवण्याइतकेच, किंबहुना त्याहून निकडीचे काम इथल्या गावांत आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदवह्या, शाळांची हजेरीपत्रके, रुग्णालयीन वह्या आणि संस्थानांच्या दप्तरांतील जागांचे व देणग्यांचे कागद यांची गावनिहाय यादी झाली, तर अहवालातला निनावी मदतनीस एखाद्या लग्नाच्या नोंदीत आडनाव, गाव आणि वडिलांचे नाव यांसह सापडू शकतो. अशा वह्यांचा कागद कृष्णाकाठच्या पावसात आणि वाळवीत फार काळ टिकत नाही. त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, चर्चच्या वडीलमंडळींची संमती व सहकार्य घेऊन, एकेका गावापासून हाती घ्यावे.