येडशीचा वाघ, शहराचा वाघ आणि आपली जमीन
(गावबैठकीत केलेले भाषण)



डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ आला. कॅमेऱ्यात फोटो निघाला तेव्हा लोकांना खरं वाटलं. हा वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. साडेचारशे किलोमीटरच्या वर चालत आला. त्याने गुरं मारली, माणसं रानात जायला भ्याली, हे आम्ही नाकारत नाही. पुढं वनखात्याने ठरवलं, याला बेशुद्ध करून धरायचं आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं.

आता शहराचे वाघ बघा. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून २०२० साली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी मुंबईला राणीच्या बागेत गेली. त्याच बागेने २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले होते. सिद्धार्थ उद्यानाला जागा पुरेना, म्हणून मिटमिट्याला शंभर एकरांवर मोठं प्राणिसंग्रहालय उभं करायचं चाललंय. नागपूरच्या गोरेवाड्याचा प्रकल्प तर १९०० हेक्टरांच्या वर. २६ जानेवारी २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. गोंडवानाचं नाव द्या म्हणून आदिवासी भावांनी आंदोलन केलं, पण नाव दुसरंच लागलं.

लेकरांनी वाघ-सिंह बघावेत, याला आपली ना नाही. आपला प्रश्न जमिनीचा आहे.

२०२३ साली वनसंवर्धन कायदा बदलला. आधी वनजमिनीवर प्राणिसंग्रहालय किंवा सफारी करायची तर ते वनेतर काम धरलं जायचं आणि केंद्राची मंजुरी लागायची. आता अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान सोडून बाकीच्या जंगलात सरकारी प्राणिसंग्रहालय वनेतर काम धरत नाहीत. म्हणजे काय? आपण बापजाद्यांपासून ज्वारी पेरतो ते अतिक्रमण, आणि पिंजरा, भिंत, तिकीटघर बांधलं की ते जंगलाचं काम! १९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय वनजमिनीवर असं काही करू नका. पण तो हुकूम अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर झोपून चालणार नाही.

आपल्या हातात २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ५ ने जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये लिहिलंय. पण दावाच केला नसेल तर काय दाखवणार?

म्हणून तीन कामं करा. ज्यांचे वैयक्तिक दावे राहिलेत त्यांनी वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घ्या. गायरान, पाणवठा, सरपण, डिंक, मोहाची झाडं यांची हद्द धरून गावाचा सामूहिक दावा करा. आणि वाघाने जनावर मारलं तर लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका, भरपाई सोडू नका.

येडशीचा वाघ कुणी ट्रकात घालून आणला नव्हता. सलग रान, झाडोरा, पाणी मिळालं म्हणून तो इथवर पोचला. तेच रान आपल्यालाही हवंय. उद्या सफारीसाठी कुणी आपलं शिवार मागितलं, तर पहिला सवाल ग्रामसभेचा असेल. त्या दिवशी ठरावाचं पुस्तक कोरं असू नये.

जोहार!