स्पूलवर घसरणारी लाईन आणि मामाचे दोन वेढे

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळले आहेत.)

हेडफोन लावून बसला असाल तर आधी माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीबद्दल सांगतो. तिच्यावर आडवा व्रण आहे, तीन टाक्यांचा. कुणी विचारलं की मी सांगतो, मासा पकडताना झालं. खरं म्हणजे मासा सुटताना झालं, आणि तो सुटला माझ्या चुकीमुळे. आजचा विषय तीच चूक. ब्रेडेड लाईन रीलच्या स्पूलवर बांधायची कशी, म्हणजे ती घसरणार नाही.

ब्रेड म्हणजे पावाचा नव्हे, हे माझ्या आईसाठी. बारीक तंतूंची वेणीसारखी विणलेली लाईन.

मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजोळ रेवदंड्याचं. लहानपणी मामाबरोबर गरवायला जायचो तेव्हा रील वगैरे काही नव्हतं. लाकडाच्या तुकड्याला तंगूस गुंडाळलेला, टोकाला गळ आणि शिसं, आणि आमिषाला कोळंबी. पगार सुरू झाल्यावर मी ऑनलाइन व्हिडिओ बघून काठी घेतली, ४००० साइजचं स्पिनिंग रील घेतलं आणि १५० मीटर ब्रेडेड लाईन घेतली, ३० पौंडी. शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद करून, ती लाईन रीलवर भरली. एका हाताने हँडल फिरवतोय, कानात स्प्रिंट प्लॅनिंग. लाईन सैल येतेय की ताणात येतेय, कुणाचं लक्ष आहे?

शनिवारी संध्याकाळी कोर्लईला गेलो. पुलावरून कुंडलिका ओलांडली की साळाव, आणि तिथून पुढे कोर्लई. किल्ल्याच्या खाली दीपगृह आहे, त्याच्या खालच्या खडकांवर. अमावस्या जवळ आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि पाणी भरतीचं. मामा मागे जरा उंचावर विडी ओढत बसला होता. तासाभरात काठी वाकली. मोठा मासा होता. तांब असावा, असं मला वाटतं. मामाच्या मते मला तसं वाटणं साहजिक आहे.

आणि मग विचित्र प्रकार सुरू झाला. मी हँडल फिरवतोय, रोटर फिरतोय, पण लाईन आत येत नाही. उलट बाहेर चाललीय. मी ड्रॅग आवळला. तरी बाहेर. आणखी आवळला. नॉब पार शेवटपर्यंत आला तरी लाईन चाललीच आहे, गुपचूप. हा 'गुपचूप' शब्द लक्षात ठेवा. मग मी घाबरून मूर्खपणा केला. लाईन हातात धरली आणि बोटाला एक वेढा घेतला. पुढचं फार सांगत नाही. ३० पौंडी ब्रेड तंगुसाच्या मानाने जवळपास निम्म्या जाडीची असते, आणि ताणाखाली ती सुरी असते. त्याच वेळी पायावर लाट आली. मामाने मागून शर्ट धरून ओढलं. मासा गेला, लाईन तुटली, आणि रेवदंड्याला डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत रुमाल लाल झाला होता.

सोमवारी मी दुकानदाराला फोन करून भांडलो, की रीलचा ड्रॅग खराब दिलाय. त्याने शांतपणे विचारलं, "लाईन जात होती तेव्हा रीलचा आवाज येत होता का?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "मग ड्रॅग ठीक आहे. बॅकिंग घातलं होतं का?" बॅकिंग हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नंतर त्याची माफी मागितली, आता इथेही मागतो.

आवाजाचं असं आहे. स्पिनिंग रीलमध्ये मासा लाईन ओढतो तेव्हा ड्रॅग स्पूलला फिरू देतो, आणि स्पूल फिरलं की टर्रर आवाज येतो. माझं स्पूल फिरतच नव्हतं. स्पूल जागेवर होतं, आणि त्याच्यावरचा लाईनचा अख्खा गोळा, दीडशे मीटरचा, बांगडीसारखा गोल फिरत होता. असं होत असेल तर ड्रॅग कितीही आवळा, काही उपयोग नाही, कारण ड्रॅग स्पूलला धरतो. लाईनला धरायचं काम दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

आता ही लाईन इतकी निसरडी का, तर ती असते पॉलिइथिलीनची. आपल्या कॅरीबॅगच्याच कुळातली, पण तिचे रेणू अतिशय लांब, आणि त्यातून तंतू काढताना ते सगळे एका दिशेला ओढून सरळ केलेले. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र निघालं; डायनीमा हे नाव तिथलंच. पोलादापेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी ताकदवान, पाण्यावर तरंगणारी, आणि जवळजवळ न ताणणारी. नायलॉनचा तंगूस तुटेपर्यंत २०–३० टक्के लांब होतो, ही फक्त ३–४ टक्के. म्हणून माशाने नुसतं हुंगलं तरी काठीला कळतं. आणि घर्षण? आजीचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी मॉडेलवर दोन धातूंच्या मधली पांढरी चकती दाखवली होती. तीसुद्धा हेच पॉलिइथिलीन. सांध्यात घालतात कारण ते गुळगुळीत सरकतं. आजीच्या गुडघ्यात जे पाहिजे, तेच माझ्या स्पूलवर नको होतं.

बोट बरं होत असताना रेवदंड्याला होतो, तेव्हा हे सगळं मामाला ऐकवलं. मामा मांडव्याच्या लाँचवर बरीच वर्षं खलाशी होता. तुम्ही गेटवेवरून मांडव्याला गेला असाल तर बघितलं असेल, लाँच धक्क्याला लागते, खलाशी दोर फेकतो, खुंट्याला दोन-तीन वेढे घेतो, आणि प्रवासी भरलेली अख्खी लाँच एका हाताने धरून उभा राहतो. मामाने अंगणातल्या नारळाला दोर गुंडाळला, दोन वेढे, आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "ओढ." मी ओढलं. मामाने शेपूट दोन बोटांत धरलं होतं. दोर हलेना. मग त्याने ती दोन बोटं सोडली, आणि दोर सरसर निघून आला. मी मागे पडलो, हे वेगळं सांगायला नको. मामा म्हणाला, "वेढे कितीपण घे. शेपूट सोडलंस की लाँच गेली."

मंडळी, मी बीटेक आहे. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये बेल्ट फ्रिक्शन होतं, ऑयलरच्या नावाचं सूत्र पाठ करून मी पेपर सोडवला होता. त्या सूत्राचा अर्थ मला नारळाखाली बसल्यावर कळला. प्रत्येक वेढा पकड वाढवतो ती बेरजेने नाही, गुणाकाराने. समजा ब्रेडचा घर्षणांक ०.१ धरला. एक वेढा शेपटाच्या ताणाला साधारण १.९ ने गुणतो. दहा वेढे झाले की सुमारे ५३५ पट. शेपटाला १० ग्रॅमचा ताण असेल तर पलीकडे ५ किलोपेक्षा जास्त पेललं जातं. नायलॉनचा घर्षणांक ०.२५ धरा, तर पाचच वेढ्यांत २५०० पट. म्हणजे ब्रेडवरसुद्धा वेढे भरपूर आहेत, दीडशे मीटरमध्ये शेकडो. मग माझी लाईन का घसरली? कारण शेपटाचा ताण शून्य होता. आतली गाठ गुळगुळीत ॲल्युमिनियमवर सैल फिरत होती आणि वेढे मीटिंगमध्ये भरलेले, ढिले. शून्याला ५३५ ने गुणा नाहीतर ५३५ कोटीने. कोडमध्ये असा बग मी दिवसभर शोधला असता.

म्हणून आता मी करतो ते असं. आधी स्पूलवर नायलॉनचा साधा तंगूस, पाच ते दहा मीटर, स्पूलचा तळ झाकेल एवढाच. त्याचं टोक स्पूलभोवती फिरवून मूळ लाईनवर साधी गाठ, आणि टोकालाच आणखी एक साधी गाठ, म्हणजे पहिलीतून निसटत नाही. याला आर्बर नॉट म्हणतात. नायलॉन ताणून भरला की तो आखडायला बघतो आणि स्पूलला आवळून बसतो. मामाची दोन बोटं म्हणजे हाच. मग त्या तंगुसाला ब्रेड जोडायची, डबल युनी गाठीने: दोन्ही टोकं समोरासमोर, प्रत्येकाने दुसऱ्याभोवती वेढे घ्यायचे. तंगुसाचे चार-पाच, ब्रेडचे सात-आठ, कारण ब्रेड तिथेही घसरते. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. पॉलिइथिलीन साधारण १५० अंशाच्या आतच वितळतं, कोरडी गाठ झटकन ओढली तर घर्षणानेच तंतू भाजतात.

आणि भरताना ताण. हा भाग लोक टाळतात. नव्या लाईनच्या रिळात पेन्सिल घाला, कुणाला तरी धरायला सांगा, आणि ओल्या फडक्याच्या चिमटीतून लाईन रीलवर घ्या. चिमूट घट्ट हवी. नुसती बोटं वापरू नका, माझं बोट बघा. सैल भरलेल्या ब्रेडचा आणखी एक त्रास असा की मासा लागला की वरची लाईन खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या कास्टला अडकते. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेला दोनेक मिलिमीटर सोडा.

काही जण बॅकिंगऐवजी स्पूलवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारतात आणि त्यावर ब्रेड बांधतात. चालतं. मला आवडत नाही, कारण आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत रील राहिलं की टेपचा गोंद पाघळतो. घाईत असाल तर मारा. काही स्पूलांच्या तळाला रबराची पट्टी असते, त्यांच्यावर ब्रेड थेट बांधता येते. पण आधी पट्टी आहे का ते बघा, खोक्यावर लिहिलंय म्हणून धरून चालू नका.

समुद्रावर जाण्याआधी तपासणी घरीच. मार्करने स्पूलच्या कडेवर आणि तिला लागून भरलेल्या लाईनवर एकच सरळ रेघ ओढा. लाईनचं टोक गेटला बांधा, ड्रॅग आवळा, काठी न वापरता रील हातात धरून मागे सरका. स्पूल टर्रर करत फिरलं आणि रेघ अखंड राहिली, तर ठीक. रेघ तुटून दोन झाल्या, तर लाईन घसरतेय. सगळी काढा, पुन्हा भरा. कंटाळा येतो, मला माहीत आहे.

आणि तरीही कधी खडकावर लाईन आवाज न करता निघू लागली, तर तिला हात लावू नका. काठी खाली करा, टोक सरळ लाईनच्या दिशेने धरा, पाण्यापासून मागे या. मासा जाईल. जाऊ दे.

बोटाचे टाके निघाल्यावर महिन्याभराने आम्ही त्याच खडकांवर गेलो. या वेळी भांगाचे दिवस बघून, पाणी शांत असताना. अंधार पडायच्या जरा आधी रील टर्ररलं. इतका सुंदर आवाज मी ऐकला नव्हता. मामा मागून ओरडला, "तांब?"

शिंगाळा निघाला. काटे सांभाळून सोडवला. आईने दुसऱ्या दिवशी कालवण केलं.