सबवूफर घ्यायचाय? आधी खोली मोजा

गेल्या महिन्याभरात सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच विषयावर आल्यात: घरी गाणी ऐकायला सबवूफर कुठला घेऊ? बहुतेकांचे पहिल्या-दुसऱ्या पगाराचे पैसे आहेत, म्हणून आज जरा नीट बोलू. आणि फक्त गाण्यांबद्दल, सिनेमातल्या स्फोटांबद्दल नाही.

तुम्ही हे फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल, तर एक गंमत सांगतो. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. तो वाजवायची फोनच्या इवल्याशा स्पीकरची ताकदच नाही. तरी सूर कळतो, कारण त्याच्या वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा सूर मनानेच भरतो. सबवूफर तो सूर खरोखर वाजवतो. खरी भानगड तिथूनच सुरू होते.

४० हर्ट्झच्या लहरीची लांबी भरते साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट. आणि आपली खोली? १० बाय १२. लहर भिंतींवर आपटून परत येते आणि काही ठरावीक सूर फुगतात. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झला, १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास. बेस गिटारची पुढची मोकळी तार आहे ५५ हर्ट्झची. मग होतं काय, तो एक सूर आला की कपाटाची काच थरथरते, आणि शेजारचे सूर त्यामानाने गुळमुळीत. लोक म्हणतात, ‘काय बेस आहे!’ अहो, तो बेस नाही, ती तुमची खोली वाजतेय.

यूट्यूबवरचे परदेशी रिव्ह्यू बघताना हे लक्षात ठेवा. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची, भिंती पातळ. खालचा बराच आवाज त्या भिंती खातात किंवा बाहेर जाऊ देतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो परत खोलीत फेकतात. त्यामुळे तिकडे ‘बारा इंचीच घ्या’ म्हणतात म्हणून आपण घ्यायचा, असं नाही. १० बाय १२ ला आठ इंची पुरे, फार तर दहा. हे माझं मत, पण ठाम मत आहे.

दुसरं, पेटी. बंद पेटीचा सबवूफर खाली हळूहळू उतरत जातो. भोक असलेला, म्हणजे पोर्टेड, एका ठरावीक सुरापर्यंत दमदार वाजतो आणि त्याखाली धाडकन पडतो. छोट्या खोलीत गाण्यांसाठी मी बंद पेटीकडे झुकतो. खोली मुळातच खालचा आवाज वाढवते, त्यात आणखी भर कशाला?

दुकानात तपासायला तबला लावा. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन काढलेली मींड ऐका. ‘घे’ खालून वर सरकताना कळला पाहिजे. प्रत्येक ‘घे’ एकाच सुरात ‘धुम्म’ येत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा. अर्थात दुकानाची खोली वेगळी, म्हणून परत घेतात का तेही विचारा. खोक्यावरचे पीएमपीओ वॉट तर वाचूच नका, आरएमएस किती ते बघा. आणि आपल्या ॲम्प्लिफायरला ‘सब आउट’ आहे का, हे पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही.

आता जागा. सगळे टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवतात, कारण तिथे प्लग असतो! कोपऱ्यात आवाज सगळ्यात जास्त फुगतो. त्याऐवजी सबवूफर तुमच्या बसायच्या खुर्चीवर ठेवा, बेस गिटारचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. हो, रांगत. घरचे हसतील, हसू देत. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवायचा आणि खुर्चीत आपण बसायचं. जागांची अदलाबदल केली तरी आवाजाचं गणित तेच राहतं, म्हणून ही युक्ती चालते.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा, स्पीकर अगदी छोटे असतील तर थोडा वर. फार वर नेलात तर आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते कळायला लागतं. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा, खुर्चीत जिथे बेस भरीव वाटेल तिथे ठेवा. मग आवाज वाढवत न्या, सबवूफर ‘दिसायला’ लागला की थोडा मागे या.

राहिले खालच्या मजल्यावरचे काका. सबवूफरखाली जाड रबराचे किंवा फोमचे पॅड टाका, स्लॅबमध्ये जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा आवाज मात्र पॅडने थांबत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीच खाली जाऊन काकांना विचारा, ‘किती वाजेपर्यंत चालेल?’ आणि गाणं चालू ठेवूनच जा, म्हणजे तिथे किती ऐकू येतंय ते तुम्हालाही कळेल.