व्हॅक्यूम कधी चालवायचा? धानाच्या हंगामाकडे बघून

आज डेटाबेसच्या झाडलोटीबद्दल बोलू या. उदाहरण पोस्टग्रेसक्यूएलचं घेतो.

त्यात एखादी ओळ अपडेट केली की जुनी ओळ पुसली जात नाही. नवी लिहिली जाते, जुनी तिथेच मरून पडते. ती जागा मोकळी करतो व्हॅक्यूम. टेबलात काय आणि किती आहे याचा अंदाज ताजा ठेवतो अ‍ॅनालाइझ. अंदाज शिळा झाला की इंडेक्स असूनही अख्खं टेबल वाचत बसणं आलंच.

तुम्ही म्हणाल, ऑटोव्हॅक्यूम आहे ना! आहे, आणि तो बंद करू नका हो. पण त्याचा हिशेब टक्क्यांत चालतो: 50 ओळी अधिक टेबलाचे 20 टक्के. हजार ओळींचं टेबल असेल तर 250 मेल्या की तो येतो. 50 लाखांचं असेल तर 10 लाख मरेपर्यंत फिरकत नाही.

आता मुलचेऱ्याचा विचार करा. खरिपात इथे मुख्य पीक धान. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करायची. ठरलेल्या काही आठवड्यांत सगळ्यांची एकदम घाई. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर पुढे हमीभावाने धान विकताना अडचण येते. अशा कामासाठी तुम्ही टेबल बांधलं, तर ते वर्षभर शांत आणि हंगामात बेजार.

म्हणून हंगामाआधीच त्या एका टेबलाचा स्केल फॅक्टर 0.2 वरून 0.02 करा. मग 10 लाखांऐवजी लाखभर ओळींनंतर साफसफाई होईल. गावांची यादी किंवा जुना डेटा एकदम भरलात तर अ‍ॅनालाइझ लगेच स्वतः चालवा.

‘रात्री 2 ला लावा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. जंगलपट्ट्यात माणूस रेंज मिळेल तेव्हा अपलोड करतो. गर्दीची वेळ लॉगमध्ये बघा, मग क्रॉन लिहा.

आणि व्हॅक्यूम फुल हंगामात अजिबात नको. तो टेबलाला पूर्ण कुलूप लावतो, साधं वाचनसुद्धा थांबतं. सेतू केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फक्त ‘सर्व्हर डाऊन’ ऐकू येतं. ते काम उन्हाळ्यात काढा, तेही डिस्कवर टेबलाएवढी जागा मोकळी असेल तरच.

आजच पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स उघडा आणि मेलेल्या ओळींचा आकडा बघा. शेवटचा ऑटोव्हॅक्यूम कधी झाला, तेही तिथेच दिसेल.