गुडघा दुखतो, पण दुखणं कुठलं?

मी मुंबईतून, घाटकोपरच्या असल्फ्याहून बोलते आहे. इथल्या डोंगरावरच्या वस्तीत मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी वही, हप्ता, बँक यांविषयी बोलते. आज गुडघेदुखीबद्दल बोलणार आहे. हे दुखणं माझ्या घरातलं आहे आणि त्यात माझीही एक चूक आहे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, साताऱ्याकडे माण तालुक्यात राहते. वय 41. घरी दोन म्हशी, थोडं रान, शिवाय लोकांच्या शेतात खुरपणी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी उठता-बसता दुखायचा, मग रात्रीही. संक्रांतीपर्यंत धार काढायला उकिडवं बसता येईना.

गावात कुणी झीज म्हणालं, कुणी कॅल्शियम कमी म्हणालं. गुडघ्याचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. गुडघ्यावर सूज नाही, गरम लागत नाही, लाल नाही. मग घरात कुजबुज सुरू झाली की हिला काम टाळायचं आहे. आणि मी, बी.ए. झालेली, गटांना आरोग्याची माहिती देणारी, फोनवर काय म्हणाले? "आक्का, वजन कमी कर, रोज चालत जा." ती बिचारी त्याच पायावर रोज चालत राहिली.

पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यात दुर्बीण घालून बघू, सत्तर हजार लागतील. आक्काने आपल्या गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, "पैसे देऊ गं, पण तुला नक्की झालंय काय? ते कुठल्या कागदावर लिहिलंय का?" तसा कागद नव्हताच. गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, फोटो होता, पण आजाराचं नाव कुठेच नव्हतं. बाई म्हणाल्या, "आधी दुखणं कळू दे, मग कर्ज." मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो चौथी शिकलेल्या त्या बाईंनी विचारला.

आक्का एसटीने आली, चेंबूरला मैत्री पार्कला उतरली. आमच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना ती कठडा धरून उजवा पाय बाजूने फेकत होती. घरी तिला मांडी घालता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही पालिकेच्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलो.

हाडांच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी तिला आडवं झोपवलं. गुडघा वाकवून पाहिला, आक्का काही बोलली नाही. मग मांडी वर उचलून पाऊल आत-बाहेर फिरवलं, तशी ती ओरडलीच. डॉक्टर म्हणाले, "ताई, गुडघा दुखतोय हे खरं आहे. पण बिघाड मला खुब्यात वाटतोय."

खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणाऱ्या काही नसा एकच असतात. त्यामुळे खुब्यातलं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. हृदयविकारात डावा हात दुखतो ना, तसंच. गुडघ्याचे कितीही फोटो काढले तरी त्यात ते दिसणार नाही.

मग त्यांनी विचारलं, याआधी कसली औषधं घेतली होती? आक्काला चिकुनगुनिया होऊन गेला होता. त्यानंतर सांधे धरायचे म्हणून बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून ती पांढऱ्या पुड्या घ्यायची, दीड वर्ष. पुडी घेतली की तासाभरात अंग मोकळं. चेहराही गोल, भरलेला दिसायला लागला. आम्ही सगळ्या म्हणायचो, आक्का सुधारली! डॉक्टर म्हणाले, हा बहुधा स्टिरॉइडचा परिणाम आहे.

आधी खुब्याचा साधा फोटो काढला, मग एमआरआय. खुब्याच्या वाटीत मांडीच्या हाडाचा जो गोळा बसतो, त्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड आतून मरत चाललं होतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. उजवीकडे ते पुढे गेलं होतं, डावीकडे नुकती सुरुवात होती. सुरुवातीला साध्या फोटोत हे दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. जास्त काळ घेतलेली स्टिरॉइड, दारू, खुब्याला झालेली जखम, सिकलसेल ही त्याची काही कारणं. आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आहे, तिथल्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं.

2021 साली मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला यांनी असे तीन रुग्ण नोंदवले होते. तिघांचं वय चाळिशीच्या आत, तिघांनाही कोविडमध्ये स्टिरॉइड दिलं होतं. तिघेही स्वतः डॉक्टर होते, म्हणून दुखणं लगेच ओळखून उपचाराला आले. स्टिरॉइड वाईटच असं नाही. कोविडमध्ये त्याने अनेकांचे जीव वाचवले. पण ते डॉक्टरांच्या हिशेबाने घ्यायचं औषध आहे, बाजारातल्या पुडीतून नाही. आणि एक जपा: अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका. त्याने जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

आता, प्रत्येक गुडघेदुखी खुब्याची नसते. पन्नाशीनंतर बहुतेकदा झीजच असते, आणि त्यात वजन कमी करणं, मांडीचे व्यायाम यांचा उपयोग होतो. पण काही खुणा असल्या तर झीज म्हणून गप्प बसू नका.

गुडघा सुजला, तापला आणि अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला असू शकतो.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलाय, तर क्षयाची तपासणी करून घ्या. क्षय हाडा-सांध्यांतही होतो.

सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडतात, हाताची बोटंही सुजतात, तर तो आमवात असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधं वेगळी.

जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, लंगडायला होतं आणि गुडघ्याचा फोटो मात्र चांगला आहे, तर "डॉक्टर, खुबा बघता का?" असं सरळ विचारा. विचारायला लाजू नका.

दवाखान्यात जाण्याआधी गटातल्या लिहिणाऱ्या मुलीकडून एक कागद तयार करून घ्या. दुखणं कधी सुरू झालं, कुठे दुखतं, कशाने वाढतं, रात्री झोप मोडते का, आधी कोणते आजार झाले, कोणती गोळी, इंजेक्शन, पुडी घेतली, सगळं लिहा. नाव माहीत नसेल तर वेष्टण बरोबर न्या. सगळे फोटो आणि चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. शस्त्रक्रिया सांगितली तर तीन गोष्टी विचारा: आजाराचं नाव काय, ते कोणत्या तपासणीत दिसलं, आणि आत्ता नाही केली तर काय होईल?

खर्चाचं म्हणाल तर आधी उपजिल्हा किंवा जिल्हा शासकीय रुग्णालयात जा. मुंबईत नातेवाईक असतील तर घाटकोपरला राजावाडी, विलेपार्ल्याला कूपर, शीव आणि परळचं केईएम ही पालिकेची रुग्णालयं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. योजनेचा फोन नंबर 155388.

आक्काचं सांगते. डाव्या खुब्यात छिद्र पाडून हाडातला दाब कमी केला, तो खुबा सध्या टिकून आहे. उजवा पुढेमागे बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. आधी समजलं असतं तर कदाचित दोन्ही वाचले असते. अकरा महिने गेले. ती आता काठी घेऊन चालते, धार स्टुलावर बसून काढते, खुरपणी बंद आहे. एक म्हैस विकली. गटाने कर्ज दिलं, पण सत्तर हजार नाही, येण्या-जाण्याला आणि औषधांना लागले तेवढेच.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू निदान माझ्याबरोबर रांगेत तरी उभी राहिलीस." मला ते पुरेसं वाटत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एकच विचारा: आपल्यातली कोण दुखणं अंगावर काढते आहे? जी हात वर करेल, तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरवा आणि वहीत लिहा. नमस्कार.