आजारी पिल्लाची शुश्रूषा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विषयांवर विचार मांडले गेले. आम्ही मात्र एका कुत्र्याच्या पिल्लाविषयी बोलणार आहोत. पत्रिकेवर विषय वाचून काहींना हसू आले असेल. पण वर्षावासाची प्रथा का सुरू झाली, हे आठवून पाहा. भर पावसाळ्यात भिक्खू गावोगाव हिंडत. त्यांच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहण्यास सांगितले. म्हणजे ज्या प्रथेमुळे आपण आज या विहारात जमलो आहोत, तिच्या मुळाशीच लहान जिवांची काळजी आहे. तेव्हा आमचा विषय अगदीच परका मानू नये, ही विनंती.

आमच्या घरी आलेले पिल्लू ल्हासा अ‍ॅप्सो जातीचे होते. मूळ तिबेटची, तिथल्या घरांत आणि मठांत राखणीसाठी पाळली जाणारी ही लहान चणीची, केसाळ जात. पहिल्या मालकांनी ते चांगली किंमत मोजून घेतले होते. पण तीन महिन्यांचे झाले तरी त्याचे वजन वाढेना. चालता चालता मागचा एक पाय उचलून ते लंगडे. सतत पाणी पिई आणि घरभर लघवी करी. मालकांना ते नकोसे झाले. आमच्या मुलीने ते घरी आणले आणि त्याचे नाव मोती ठेवले.

पशुवैद्यांनी रक्त आणि लघवी तपासली, सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडे लहान आणि वेडीवाकडी होती. आईच्या पोटात असतानाच त्यांची घडण अपुरी राहिली होती. शिवाय मागच्या पायांच्या गुडघ्यांच्या वाट्या जागेवरून सरकत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हा आजार बरा होणारा नाही. त्याचे दिवस मात्र सुखाचे करता येतील.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेत लिपिक. शास्त्रातले आम्हांला जे समजले ते आमच्या भाषेत सांगतो. मूत्रपिंड हे शरीराचे आवक-जावक खाते आहे. रक्तातला टाकाऊ भाग ते लघवीवाटे बाहेर काढते आणि उपयोगी पाणी परत जमा करून घेते. मूत्रपिंड बिघडले की लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते. पाणी नुसते वाहून जाते आणि ती तूट भरण्यासाठी प्राणी सारखा पाणी पितो. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. १०० मिलिलिटरच्या वर गेले तर तपासणी करावी. मोतीचे वजन चार किलो होते आणि तो दिवसाला सहाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पीत असे. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडांची साधारण तीन चतुर्थांश शक्ती आधीच गेलेली असते. म्हणून पिल्लू फार पाणी पिते, त्याचे वजन वाढत नाही, ते वरचेवर उलट्या करते, तोंडाला उग्र वास येतो, हिरड्या फिकट दिसतात, यांपैकी काही आढळले तर थांबू नये.

शेजारीपाजारी सल्ला देत, “रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवा, म्हणजे घर ओले होणार नाही.” डॉक्टरांनी नेमके हेच करू नका म्हणून बजावले होते. अशा पिल्लाचे पाणी तोडले की काही तासांत त्याच्या शरीरातले पाणी आटते आणि आजार उलटतो.

आणखीही एक आक्षेप आला, आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. वस्तीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “महाडला कुत्र्या-मांजरांना तळ्याचे पाणी चालत होते आणि आपल्या माणसांना बंदी होती. त्याच कुत्र्याचे लाड तुम्ही करता?” या प्रश्नातली वेदना खरी आहे. तिला थट्टेवारी नेता येत नाही. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते जनावरांचे पाणी बंद व्हावे म्हणून नव्हे. माणसाला माणसाचा हक्क मिळावा म्हणून तो सत्याग्रह होता. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांना ठाऊक होते. त्यांच्या वंशजांच्या घरात तरी तहानलेल्या जिवापुढचे भांडे कुणी उचलू नये, असे आम्हांला वाटते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही प्राणिमात्रांविषयी दया आहे आणि दयेबरोबर त्यांच्या पालनपोषणाची जबाबदारीही आहे. दया मनात असते. पालनपोषण मात्र रोज उठून करावे लागते.

ते कसे करावे, याचे उत्तर विनयपिटकात सापडते. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून मंचकावर निजवले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी भिक्खूसंघाला केला. त्याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. ते माणसांच्या संदर्भात असले तरी आम्हांला मोतीच्या बाबतीत वाटाड्यासारखे उपयोगी पडले.

पहिला गुण, औषध नीट देता येणे. अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारे औषध मोतीला जेवणातच कालवून द्यावे लागे. नुसते दिल्यास त्याचा उपयोग नसतो. मानेमागच्या सैल कातडीखाली सलाईन कसे द्यायचे, हे डॉक्टरांनी सौ.ला आणि आम्हांला शिकवले. कातडीखाली टेंगूळ येते आणि काही तासांत ते जिरते. किती द्यायचे हे मात्र डॉक्टरच ठरवीत.

इथे एक इशारा द्यायचा आहे. पिल्लू लंगडते म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. आपल्या आकाशातली गिधाडे कशाने नाहीशी झाली ते आठवा. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

दुसरा गुण, पथ्य आणि अपथ्य ओळखणे. लंगडणाऱ्या पिल्लाची हाडे मजबूत व्हावीत म्हणून लोक त्याला हाडे, हाडांची भुकटी आणि दूध देतात. मूत्रपिंडाच्या आजारात हे उलटे पडते. दुबळ्या मूत्रपिंडाला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साठला की गळ्यातल्या ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतला चुना ओढून काढतात. वाढत्या वयाच्या पिल्लाचा तर जबडासुद्धा मऊ पडतो. म्हणजे जो आहार हाडांसाठी द्यावा, त्यानेच हाडे पोकळ होतात. मोतीला मऊ भात, अंड्याचा पांढरा भाग आणि उकडलेला भोपळा डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने मिळे. वाढीचे वय असल्यामुळे प्रथिने अजिबात तोडायची नव्हती. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि खारट फरसाण वर्ज्य. बुद्धपौर्णिमेला आपल्या घरोघरी खीर होते. त्या खिरीत दूधही असते आणि मनुकाही. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच सांगावे लागे की मोतीला प्रसाद देऊ नका.

सांध्यांचे पथ्य वेगळे. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकत, म्हणून त्याच्या वाटेवर गोणपाटाच्या पट्ट्या अंथरल्या. नखे वेळेवर कापली. जिना उचलून चढवला. थंडीत ऊनऊन फडक्याने शेक दिला. पायात वेदना असेल तेव्हा पोटाखालून टॉवेल घालून त्याला थोडे फिरवीत असू. वाटीची शस्त्रक्रिया होऊ शकते, परंतु अशा मूत्रपिंडांना भूल सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी ती टाळली.

तिसरा गुण, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे. मोती घर राखणार नव्हता, मिरवायलाही उपयोगी नव्हता. किमतीचा प्रश्न निघाला म्हणून सांगतो. ल्हासा अ‍ॅप्सोमध्ये मूत्रपिंडाचा हा दोष पिढीजात आढळतो. ठरावीक रूप टिकावे म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या की असे दोष घट्ट होत जातात. शुद्ध वंशाच्या हट्टाने माणसांचे काय झाले, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तो हट्ट कुत्र्यांच्याही मुळावर येतो. पिल्लू पाळायचे असेल तर रस्त्यावरचे निराधार गावठी पिल्लू घ्यावे, त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. आणि दोष असलेल्या जनावराची वीण वाढवू नये.

चौथा गुण, मलमूत्राची आणि उलटीची किळस न करणे. इथेही एकाने विचारले, “वाडवडिलांनी गावाची घाण उपसली, तुम्ही शिकूनसवरून तेच करता?” फरक आहे. जन्मावरून लादलेले काम ही गुलामी होती, ती बाबासाहेबांनी झुगारायला लावली. आपण होऊन केलेली शुश्रूषा कुणाला हलके करत नाही. राजघराण्यात जन्मलेल्या तथागतांनी ती केली. मात्र घरातले हे काम एकट्या बाईवर किंवा मुलीवर पडू नये. आमच्या घरी लघवी पुसण्याच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या होत्या, आणि पहाटेची पाळी घरातल्या पुरुषाची होती. मोतीचा आजार जन्मजात असल्याने कुणाला लागणारा नव्हता. पण लेप्टोस्पायरोसिस जनावरांच्या लघवीतून माणसाला होतो, म्हणून हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत आणि कुत्र्याला त्याचीही लस द्यावी.

पाचवा गुण, आजाऱ्याचे मन धम्माने प्रसन्न ठेवणे. कुत्र्याला प्रवचन काय कळणार? पण शांत आवाज कळतो. संध्याकाळी वंदना सुरू झाली की तो चटईच्या कडेला येऊन पडे. घरात भांडण झाले की कोपऱ्यात जाऊन बसे. त्याच्यासाठी म्हणून आमच्या घरातले चढे आवाज खाली आले.

आजारी माणूस कुठे दुखते ते सांगतो, मुके जनावर सांगत नाही. म्हणून आम्ही एक वही घातली. पाणी किती दिले, किती उरले, काय खाल्ले, उलटी किती वेळा, वजन किती. बँकेत संध्याकाळी ताळा जुळवतात तसा आमची मुलगी रोज ताळा जुळवी. ती वही पाहून डॉक्टर औषध बदलत.

मोती चौदा महिने जगला. शेवटच्या आठवड्यात त्याने खाणे सोडले. डॉक्टरांनी वेदनारहित मरणाच्या इंजेक्शनचा पर्याय सांगितला. रात्री आम्ही तिघे बसलो. पहिले शील एका बाजूला आणि त्याचे हाल दुसऱ्या बाजूला. एका भन्तेजींना विचारले. ते म्हणाले, तुमची चेतना तपासा. त्याचा त्रास संपवायचा आहे की तुमचा, हे आधी पाहा. आम्ही इंजेक्शन घेतले नाही. डॉक्टरांकडून उलटी आणि वेदना शमवण्याची औषधे घेतली आणि त्याच्याजवळ आळीपाळीने बसलो. चौथ्या पहाटे तो गेला. सर्वांनी असेच करावे, असे आमचे म्हणणे नाही. जनावराच्या असह्य वेदना पाहून कळवळ्याने कुणी दुसरा निर्णय घेतला, तर त्याला बोल लावू नये. घाईने किंवा कंटाळून मात्र कुठलाच निर्णय घेऊ नये.

उपासक-उपासिकांनो, सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या उपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. दोघांचा उल्लेख त्याने एकत्र केला. एकाचे काढून दुसऱ्याला दिले नाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१ क आले, त्यातही सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे कर्तव्य सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत माफक शुल्कात तपासणी होते, हे आपल्या वस्तीत सांगा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. बारावीला विज्ञान घेणाऱ्यांनी तिकडेही पाहावे. या शास्त्रात आपली मुले-मुली जायला हवीत. आणि उन्हाळ्यात प्रत्येकाने दारात पाण्याचे एक भांडे ठेवावे, रोज धुऊन भरावे. पुढच्या वर्षी संस्थेने वस्तीतल्या कुत्र्यांसाठी रेबीज लसीकरणाचे शिबिर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन वर्षावासातच येतो, तो दिवस सोयीचा होईल. त्या शिबिराच्या नोंदवहीचे काम आम्ही करू.

 जयभीम. नमो बुद्धाय.